महू-मानपूरकडच्या गावात आरोग्य शिबिर चालवतो, सरकारी अनुदान कसं मिळवायचं?

वर्गशिक्षिका

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचं अकरा बायकांचं मंडळ आहे. पूर्वी नुसतं भजनी मंडळ होतं. २०१७च्या संक्रांतीला ठरलं की वाण लुटायचं बंद, तेवढे पैसे एका डब्यात टाकायचे. त्या डब्याची पुढे रीतसर नोंदणी झालेली ट्रस्ट झाली.

महिन्यातून दोन रविवार आम्ही एबी रोडनं मानपूर आणि तिथून ११ किलोमीटर आत एका गावात शिबिर घेतो. वस्ती बहुतेक भिलाला आणि भिलांची. दोन डॉक्टर फुकट येतात (एक माझा भाचा, म्हणजे फुकट नाही, जेवायला पुरणपोळी लागते). गाडी आणि औषधं मिळून महिन्याला साधारण १४ हजार जातात, आणि डबा आता तळाला लागलाय.

पण पैशाहून मोठं दुखणं दुसरंच आहे. ऑगस्टमध्ये शिबिरात एक मुलगी आली. आठवा महिना, पाय सुजलेले, बीपी १५०/१००. आमच्याच तूफान गाडीत घालून तिला महूला नेलं, तिथून इंदूरला पाठवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. दोन आठवड्यांनी गावातल्या आशाताईंना (सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा कार्यकर्तीला) विचारलं तर त्यांना ती बाळंत झाल्याचंच माहीत नव्हतं! मुलगी सुट्टी होऊन परस्पर माहेरी गेली होती, धार जिल्ह्यात. दवाखान्यातून मिळालेला कागद पिशवीत, बीपीच्या गोळ्या पाच दिवसांत संपलेल्या, आणि पुढं काय करायचं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिच्यासाठी धावलेले सगळे एकमेकांना अनोळखी.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. आठवड्यातून दोनदा गाडी, आणि पगारी नर्स मुलगी, जी फोन करून अशा बायकांचा पाठपुरावा करेल. एका गृहस्थांनी सांगितलं की एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियानातून) संस्थांना अनुदान मिळतं, ते प्रपोजल करून देतील, फी २५ हजार. मी स्वतः एका सरकारी कार्यालयात तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा ‘प्रपोजल आणा’, दुसऱ्यांदा ‘पोर्टलवर बघा’, तिसऱ्यांदा साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये.

ते २५ हजार द्यावेत का? आणि नसतील द्यायचे तर सुरुवात कुठून करायची?

---

शिफ्ट बी, पिथमपूर

ताई, सरकारचा नाद सोडा, सीएसआर बघा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटींच्या वर, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. कंपनी कायद्याचं कलम १३५. तुमच्याकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. पिथमपूर तुमच्या गावापासून लांब नाही.

एकच अडचण. त्यांना बोर्ड लागलेल्या गाडीचा फोटो हवा असतो. फोन करणाऱ्या नर्सचा फोटो फारसा छान येत नाही.

---

खातेवही

बाई, २५ हजार देऊ नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

मी २००६ ते २०२३ एका ब्लॉकच्या आरोग्य हिशेबात होतो, संविदावर, म्हणजे कंत्राटी. (इंदूर जिल्ह्यात नाही. आणि कोणता जिल्हा ते विचारू नका, अजून तिथे माझी काही बिलं निघायची आहेत.) त्या १७ वर्षांत अनुदान मागणाऱ्या संस्था पुष्कळ पाहिल्या, आलेलं अनुदान पचवणाऱ्या थोड्या.

संस्थांना पैसे मिळतात ते जाहिरात निघून, ठरलेल्या कामासाठी, म्हणजे फिरता दवाखाना चालवणं वगैरे. तिथे तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागतात, उलाढाल मागतात, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर मागतात. हा नंबर फुकट मिळतो, भाच्याला बसवून एका संध्याकाळी काढून घ्या. पण अकरा बायकांची ट्रस्ट त्या जाहिरातीत बसायची नाही, आणि बसली तर मला जास्त काळजी वाटेल. आमच्याकडे एका छोट्या संस्थेला काम मिळालं होतं. गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला, नर्स ठेवली. पहिला हप्ता वेळेवर. दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, फॉर्म १२-ए. त्यांनी दिलंही. फक्त अनुदानाच्या पैशावर बँकेने दिलेलं ४१२ रुपये व्याज दाखवायचं राहिलं. ते व्याज सरकारचं असतं, परत भरावं लागतं. फाइल वर गेली, खाली आली, मार्च उलटला. दुसरा हप्ता अकराव्या महिन्यात आला. तोवर अध्यक्षांनी स्वतःची एफडी मोडून पगार दिले होते. ती फाइल खाली पाठवणारा कारकून मीच होतो. नियमाने बरोबर होतो, अजूनही बरोबर आहे, पण ते गृहस्थ रस्त्यात भेटले की मी दुकानात शिरायचो.

आता उलट बाजूने बघा. तुम्ही ज्या गावात जाता, त्या गावाच्या नावानं पैसा आधीपासून आहे.

१) गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. मध्य प्रदेशात तिला ‘ग्राम सभा स्वस्थ ग्राम तदर्थ समिति’ असं लांबलचक नाव आहे, त्यामुळे गावात विचारताना ‘आशावाली समिती’ म्हणा, लगेच कळेल. तिला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंध निधी. अबंध म्हणजे वरून मथळा ठरवून न दिलेला, गावानं ठरवायचा. आडलेल्या गरिबाला दवाखान्यात नेण्याची गाडी यातून चालते. पगार चालत नाही, पंचायतीचं बांधकाम चालत नाही.

२) जवळचं उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर त्याला वर्षाला ५० हजार. खर्च जन आरोग्य समितीनं ठरवायचा. अध्यक्ष सरपंच, सचिव सीएचओ, म्हणजे तिथे बसणारी ती कम्युनिटी हेल्थ ऑफिसर मुलगी. तुम्हाला जी पगारी नर्स हवी आहे ना, ती ही. पगार सरकार देतंय. तुमची आणि तिची ओळख आहे का?

३) त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, पीएचसी. तिथे रोगी कल्याण समिती, वर्षाला पावणेदोन लाखांपर्यंत.

रोगी कल्याण समिती म्हटलं की मला राहवत नाही, आणि तुम्ही रामबागेतल्या म्हणजे तुम्हाला आठवत असेल. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आपलं एमवाय हॉस्पिटल उंदरांनी पोखरलेलं होतं. रुग्ण दुसरीकडे हलवून अख्खी इमारत रिकामी केली, उंदीर मारले, लोकांनी वर्गणी दिली. मी तेव्हा कॉलेजात, आमच्या गल्लीतून वर्गणी गोळा करायला मीच फिरलो होतो. त्यानंतर प्रश्न आला की पुन्हा घाण होऊ नये म्हणून काय करायचं. तर दवाखान्यात जमा होणारा पैसा भोपाळच्या तिजोरीत न पाठवता इथेच समितीनं ठेवायचा आणि इथेच खर्च करायचा. ते राज्यभर झालं, आणि २००५मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा देशभर. देशातल्या आडगावच्या पीएचसीच्या समितीचं मूळ आपल्या एमवायच्या उंदरांत आहे. इंदूरवाले सराफ्याच्या गरडूबद्दल तासभर बोलतील, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

असो. तर निधी आहे, मग खर्च का होत नाही? पैसे खाल्ले जातात असं सगळ्यांना वाटतं. खाल्लेही जातात, पण मी जास्त वेळा पाहिलं ते न खर्चलेले पैसे. समितीची बैठक होत नाही, कारण वही लिहायची कोणाला सवय नाही. आशाताई सचिव, पण ऑडिटची तिला धास्ती. अध्यक्ष बाई पंच असतात, त्यांच्या वतीनं नवरा बोलतो. खर्च नाही म्हणून पुढच्या वर्षी कमी येतात. पूर्वी निदान खात्यात पडून राहायचे. २०२१पासून राज्याचं एकच नोडल खातं झालं, खाली फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ती वापरली नाही तर ‘आमच्या गावाचे शिल्लक’ म्हणायला काही उरत नाही.

तुम्ही ३१ वर्षं गणित शिकवलंत. या समितीला नेमकी तुमची गरज आहे. गाडी आणि डॉक्टर त्यानंतर.

आशाताईंना विचारा, शेवटची बैठक कधी झाली, वही कुठे आहे, किती आले, किती खर्चले. विचारताना चष्म्यावरून बघू नका. मग ब्लॉकच्या लेखापालाकडे जा. साहेबाकडे नाही, लेखापालाकडे. दुपारी तीननंतर.

---

बाँडवाली डॉक्टर

मी सध्या ग्रामीण बाँडवर (शिक्षणानंतरची सक्तीची खेड्यातली सेवा) एका पीएचसीत आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. खातेवही काका म्हणतात ते बरोबर, पण अर्धंच. माझ्याकडे कागदावर पावणेदोन लाख आहेत आणि बीपीचं यंत्र मी स्वतःच्या पैशांनी आणलं. समितीची बैठक बोलवायची तर अध्यक्षांची तारीख मिळत नाही. तारीख मिळते तेव्हा मी ट्रेनिंगला.

पण मला खरं तर वर्गशिक्षिका ताईंशी थोडं भांडायचंय, राग मानू नका. तुमचे डॉक्टर शिबिरात कशावर लिहितात? माझ्या भागातही एक शिबिर होतं, तिथे संस्थेचा लोगो असलेल्या गुलाबी कागदावर लिहितात. प्रत्येक गरोदर बाईकडे मातृ-शिशु कार्ड असतं. बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन त्यावर लिहायला हवं, कारण ती माहेरी गेली, धारला गेली, कुठेही गेली तरी पुढची नर्स तेच कार्ड मागते. गुलाबी कागद कोणी बघत नाही. तुमच्या त्या मुलीचं १५०/१०० कार्डावर लिहिलं होतं का?

दुसरं, शिबिर रविवारी घेता. रविवारी आशा, एएनएम (उपकेंद्राची नर्स), सीएचओ कोणी कामावर नसतं. म्हणजे ज्यांना माहीत व्हायला हवं ते सोडून बाकी सगळे हजर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, २०१६पासून चालू आहे. त्या दिवशी तुमची तूफान गावातून पाच बायका घेऊन आली तर दोन रविवारांपेक्षा जास्त काम होईल. बाळंतपणाला आणि परत घरी सोडायला १०८ची गाडी फुकट आहे, पण नुसत्या तपासणीला यायला गाडी नाही. बायका तिथेच गळतात.

आणि गाव भिलाल्यांचं असेल तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली का ते विचारा. जुलै २०२३मध्ये शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड. गरोदर बाईचं रक्त कमी म्हणून नुसतं लोह देत राहण्याआधी हे माहीत हवं.

---

बडोदेकर

मध्येच तोंड घालतो. आमच्याकडे गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यात झगडियाला सेवा रूरल आहे, १९८०पासून, आदिवासी भागात. त्यांनी आशांसाठी मोबाइलवर एक ॲप केलं. कोणत्या बाईकडे कधी जायचं, काय विचारायचं, धोक्याची खूण दिसली तर कोणाला कळवायचं, हे सगळं त्यात. पुढे सरकारनं त्याच धर्तीवर राज्यभर ‘टेको प्लस’ आणलं. म्हणजे तुम्ही म्हणताय ती फोन करणारी मुलगी आमच्याकडे फोनच्या आत बसली.

अर्थात बडोद्याला माझी मावसबहीण एएनएम आहे, ती म्हणते ॲपात भरायचं आणि रजिस्टरमध्येही भरायचं, दोन्ही. ॲप आलं, रजिस्टर गेलं नाही.

---

वर्गशिक्षिका

सगळ्यांचे आभार. २५ हजारवाल्यांना नको म्हणून कळवलं. ते म्हणाले, १५ मध्ये करून देतो.

डॉक्टर मुली, तुझं लागलं थोडं. आमचा कागद गुलाबी नाही, पिवळा आहे, आणि वर मंडळाचं नाव मीच सुलेखन करून छापून घेतलंय. त्या मुलीचं कार्ड आम्ही उघडूनही पाहिलं नव्हतं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, ‘मामी, कार्ड सरकारी आहे, आपण त्यावर लिहू शकतो का?’ लिहू शकतो का?

खातेवही भाऊ, एमवायचं आठवतं तर! आमच्या शाळेच्या मुलांनी खाऊचे पैसे दिले होते.

---

बाँडवाली डॉक्टर

लिहू शकतात. तारीख, सही, नोंदणी क्रमांक टाकून. आणि वाचता येईल असं, प्लीज.

---

खातेवही

आणि जिल्ह्याचा आरोग्य खर्चाचा आराखडा पावसाळा संपला की बनायला लागतो. ब्लॉककडून जिल्हा, जिल्ह्याकडून भोपाळ, तिथून दिल्ली, मग मंजुरीचा कागद खाली येतो. पैसे केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तपासणीच्या दिवसासाठी गाडी ही मागणी समितीच्या ठरावासकट आत्ताच दिली तर निदान कोणाच्या तरी तक्त्यात एक ओळ पडेल. ठराव समितीच्या नावानं द्या, तुमच्या ट्रस्टच्या नावानं नको. ट्रस्टचं पत्र म्हणजे विनंती, ठरावाला जावक क्रमांक द्यावा लागतो.

---

वर्गशिक्षिका

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

आशाताईंच्या घरी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी वही हरवली म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा मी वहीचं नावच काढलं नाही, त्यांच्या मुलीला अपूर्णांक शिकवले. तिसऱ्यांदा वही पेटीतून निघाली. शेवटची बैठक दीड वर्षापूर्वीची. त्यात १२०० रुपयांचं फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर, मग कोरी पानं. ऑडिटवाल्यांनी एकदा पावतीवरून झापलं होतं, तेव्हापासून त्यांनी हातच लावला नाही. नवजात बाळाच्या घरी त्या सहा वेळा जातात, ४२ दिवसांपर्यंत, त्याचे २५० रुपये मिळतात. या १० हजारांच्या हिशेबाचे काय मिळतात? मी विचारलं, त्या हसल्या.

सीएचओ पोरगी बैतुलची, २६ वर्षांची. तिला आमचं शिबिर माहीत होतं. म्हणाली, ‘मला वाटायचं तुम्हाला मी नको असेन.’ मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. आता तिनं एक साधी वही केली आहे. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका, माहेर कुठे, तिथल्या आशाचा नंबर काय. माहेरचा रकाना तिच्याच डोक्यातला. सध्या १४ नावं आहेत, त्यातल्या सहा जणींचं माहेर धार जिल्ह्यातलं.

बैठक झाली. अध्यक्ष बाईंचे यजमान आले होते, त्यांना मी चहाची सोय बघायला पाठवलं. (शाळेतला जुना उपाय.) ठराव झाला की ९ तारखेच्या तपासणीला गाडी समितीनं करायची. औषधांचा आमचा खर्च जवळजवळ निम्मा झाला, कारण लोह, कॅल्शियम आणि बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळत होत्या. आम्ही त्याच गोळ्या इंदूरहून विकत नेत होतो. एक रविवार बंद केला, मंडळातल्या दोघी त्यावर रुसल्या आहेत.

परवाच्या ९ तारखेला पहिली फेरी झाली. पाच ठरल्या होत्या, चार आल्या. पाचवीच्या सासूनं सोडलं नाही, कापूस वेचायचा होता. चारपैकी एकीचं हिमोग्लोबिन ६.८ निघालं. तिला तिथूनच पुढे पाठवलं, आणि या वेळी आशाताई सोबत गेल्या. तूफानचे १६०० झाले.

जिल्ह्याच्या आराखड्यात ओळ पडली का ते अजून कळलेलं नाही. लेखापाल दुपारी तीननंतर खरंच भेटतात.

---

खातेवही

१६००च्या पावतीवर गाडीचा नंबर लिहिला का?

---

वर्गशिक्षिका

लिहिला. ड्रायव्हरची सही, तारीख, किती किलोमीटर आणि चार जणींची नावंही. अंगठे दोन, सह्या दोन. आशाताईंनी स्वतः लिहिलं, मी फक्त बेरीज तपासली.

---

खातेवही

किलोमीटर जातानाचे आणि येतानाचे वेगळे लिहा.